तळ्यावरचं पाचवं विमान

भावसिंग सुताराने छोटं लाकडी विमान पाण्यावर ठेवलं आणि हात वर केला. समोरच्या काठावर दत्तोपंत मास्तर पालथ्या ठेवलेल्या सायकलपाशी बसले होते. मागच्या चाकाचा टायर काढून उघड्या धावेला सुतळी बांधली होती. तिचं दुसरं टोक विमानाच्या नाकाला होतं.

आज उडालं नाही तर सगळी गणितं चुलीत घालीन, असं मास्तरांनी सकाळीच बायकोला, गंगूताईंना, सांगितलं होतं. आता त्या पदर घट्ट धरून शेजारी उभ्या होत्या.

आधीची चार विमानं याच तळ्यावर हरली होती. पळायची झोकात, पण पाणी काही त्यांना सोडायचं नाही.

सगळं सुरू झालं ते १९३१ साली पाहिलेल्या एका चित्रामुळे. विलायतेतल्या शर्यतीचं विमान, चाकांच्या जागी दोन लांबट होड्या आणि वेग ताशी चारशे मैल. मास्तर ते चित्र देवाच्या तसबिरीसारखं बघत. पण त्यातलं विमान पाण्यात होतं, होड्यांचा तळ दिसतच नव्हता. म्हणून तळाचा नकाशा मास्तरांनी स्वतः काढला, माशाच्या पोटासारखा गुळगुळीत. तीन वर्षं तोच कागद घडी घालून त्यांच्या खिशात फिरत होता.

भावसिंगला वाचता येत नव्हतं, पण नमुन्यात असेल ते लाकडात हुबेहूब उतरे. तडा गेलेलं जू दाखवलं तर नव्या जुवातही तडा कोरून देईल, अशी गावात त्याची चेष्टा चाले. या खेपेला मास्तर तापाने पडून होते, म्हणून गंगूताईंनीच कागद नीटनेटका करून त्याला नेऊन दिला होता.

मास्तरांनी पायडल फिरवलं, सुतळी चाकावर गुंडाळू लागली. विमान सरकलं, पळू लागलं. मागे पाण्यावर पांढरी रेघ उमटत होती. तळ्याच्या मध्यावर ती रेघ तुटली.

विमान हातभर वर होतं. मग पुरुषभर. धुणं धुणाऱ्या बायकांचे हात थांबले. मास्तरांनी पायडल सोडून हात जोडले. इतकं सुंदर त्यांनी जन्मात काही पाहिलं नव्हतं.

ते त्यांच्या डोक्यावरून जाऊन गवतात टेकलं. माझं गणित खरं ठरलं, आता विलायतेला पत्र लिहितो, असं डोळे पुसत म्हणत मास्तरांनी ते उचललं आणि उलटं केलं.

तळ गुळगुळीत नव्हता. मध्यावर पायरी होती, मागचा अर्धा भाग जवभर वर चढलेला. त्या पायरीपाशीच पाण्याने तळ सोडला होता.

भावसिंग धापा टाकत वळसा घालून आला. पायरी कशी आली, असं मास्तरांनी विचारताच त्याने पागोट्यातून कागद काढला. "तुमच्या कागदात हाय तेच केलं, मास्तर. रेघभर इकडं न्हाई की तिकडं न्हाई."

मास्तरांनी कागद उलगडून तळाच्या रेघेवर बोट फिरवलं; मध्यावर रेघ एक पायरी चढली होती.

"घडीवर फाटून दोन तुकडे झाले होते त्याचे," गंगूताई हळूच म्हणाल्या. "खळीनं चिकटवताना मागचा तुकडा जरासा वर सरकून बसला. तुमच्या ध्यानात येणार न्हाई, असं वाटलं मला."