अर्धा अंश

डोंगरमाथ्यावरच्या हवामान केंद्रात माणसं दोनच, आणि फोनला रेंज नाही. तापमान नोंदवायची पाळी एक दिवसाआड. पण सहकाऱ्याच्या पाळीला पारा हटकून अर्धा अंश जास्त! "खोलीत बसून मनचे आकडे लिहितोय हा," केंद्रप्रमुख बाईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यात परत येताना स्वारी गालातल्या गालात हसत असायची.

एका सकाळी बाई दबक्या पावलांनी त्याच्या मागे गेल्या. गडी कड्यावरच्या तापमापकाच्या पेटीत डोकं खुपसून फोनवर बोलत होता, "वाऱ्यात काही ऐकू येईना गं, म्हणून पेटीत डोकं घातलंय. रेंज इथेच तेवढी येते. बाळ काय म्हणतंय?"

बाई आल्या पावली परतल्या आणि त्यांनी आपला कधीचा बंद पडलेला फोन चार्जिंगला लावला.

दुसऱ्या दिवसापासून त्यांच्याही पाळीला पारा अर्धा अंश चढू लागला.