एका गाण्याचे दोन कोड

बेल तिसऱ्यांदा वाजली तरी कोडताई जागची हलली नाही.

कचेरीच्या दाराच्या भोकातून तिनं मघाशीच पाहिलं होतं. धिप्पाड माणूस, डोक्यावर टोपी, कपाळाला आठ्या. शेवटी पावलं जिना उतरून गेली. तिनं कडी पुन्हा चाचपली आणि खिडकीचा पडदा बोटभर सरकवला. तो समोरच्या बसथांब्यावर जाऊन उभा राहिला होता. बस आली, गेली. हा तिथंच.

तिनं घाईघाईनं धाकटीला फोन लावला, तर बंद. स्टुडिओत शिरली की ती फोन बंदच ठेवायची.

कोडताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. गाणी बाजारात आणणाऱ्या त्या इवल्याशा कचेरीत ती एकटीच बसायची. अल्बमला बारकोड द्यायचा आणि आतल्या प्रत्येक गाण्याला त्याचा स्वतःचा बारा अक्षरी कोड. "माणसाला दोन नावं चालतात हो, रेकॉर्डिंगला दोन कोड नाही चालत," असं ती नवख्या गायकांना हसत सांगायची. दोन महिन्यांपासून मात्र हे बोलताना तिला हसू येत नव्हतं.

धाकटी तिची मावसबहीण. पळून जाऊन लग्न केलेलं, त्यामुळे नवऱ्याचं तोंड घरात कुणीच पाहिलं नव्हतं. त्यानं एकदा तिचं मनगट मोडलं. वर म्हणाला, "आता गळाच आवळतो, मग गा." दुसऱ्या दिवशी ती नेसत्या कपड्यांनिशी कोडताईच्या दारात उभी होती. आता नाव बदलून कुठं राहते, हे फक्त कोडताईला ठाऊक.

पोट भरायला तिला गाणंच येत होतं. तिनं आपलं एक जुनं गाणं नव्या नावानं पुन्हा गायलं. रेकॉर्डिंग नवं, म्हणून कोडताईनं कोडही नवा दिला. पण कोडाच्या पहिल्या काही अक्षरांवरून तो कुणी दिला ते शोधता येतं, हे तिच्या ध्यानात यायला उशीर झाला. ज्याला तो आवाज ओळखता येईल, तो सरळ या दारापर्यंत येणार.

"टोपीशिवाय बाहेर पडत नाही तो," एवढंच धाकटीनं सांगितलं होतं.

टेबलावरचा फोन खणखणला. कोडताई दचकली.

"कोड कार्यालयाकडून, तपासणीसाठी," मऊ आवाज म्हणाला. "तुमच्या दाराशीच उभा आहे. पाटीवरचा नंबर लावला." आणि त्यानं धाकटीच्या गाण्याचा कोड बाराच्या बारा अक्षरं वाचून दाखवला.

पत्र तर आलंच होतं. एकच रेकॉर्डिंग दोन कोडांनी विकल्याची तक्रार आहे, तपासनीस मंगळवारी येतील. आज मंगळवारच. कोडताईचा जीव भांड्यात पडला. तिनं धावत जाऊन कडी काढली.

आलेला माणूस किरकोळ अंगाचा, नीट भांग पाडलेला, कपाळावर कशाचासा पुसट वळ, हातात फाइल. बसल्या बसल्या त्यानं सुरुवात केली. "दोन्हीकडे आवाज एकच आहे, ताई. खोटा कोड दिलाय, असं लिहावं लागेल."

"अहो, गाणं तेच, पण रेकॉर्डिंग नवं आहे! नियमानं नवाच कोड लागतो."

"पुरावा?"

कोडताईनं स्टुडिओची पावती काढली, पण गायिकेच्या नावावर तळहात दाबून धरला. "नाव नाही दाखवणार. नोकरी गेली तरी चालेल."

"मला कशाला हवंय नाव?" तो हसला. "स्टुडिओ कुठला आणि तारीख कुठली, बस्स."

किती भला माणूस! तिनं पावती पुढं सरकवली. त्यानं सगळं सावकाश उतरवून घेतलं.

"पुढच्या गाण्याला तरी कोड आधी राखून ठेवा. म्हणजे अशी भानगड होत नाही."

"ठेवलाय की! आत्ता तिथंच चालू आहे ते रेकॉर्डिंग. पाचपर्यंत चालेल."

त्यानं घड्याळ पाहिलं. "मग काही प्रश्नच नाही."

तो उठला तशी तिला राहवलं नाही. "साहेब, खाली एक टोपीवाला सकाळपासून घिरट्या घालतोय. मला फार भीती वाटते हो."

"मी बघतो त्याच्याकडे. तुम्ही निर्धास्त राहा."

पडद्याआडून तिनं पाहिलं. साहेब टोपीवाल्याशी दोन शब्द बोलले आणि रिक्षात बसून गेले. टोपीवाला मात्र रस्ता ओलांडून सरळ इकडेच आला. जिन्यावर पावलं वाजली. कोडताईनं कडी लावली, पाठीनं दार दाबून धरलं.

"कोण आहे?"

"अहो, उघडा आता! सकाळपासून बेल वाजवतोय." दाराखालून एक ओळखपत्र आत सरकलं. फोटो त्याचाच. खाली शिक्का: कोड कार्यालय, तपासनीस.

"तसं आता तपासायला काही उरलंच नाही म्हणा," तो बाहेरून म्हणाला. "ज्यांनी तक्रार केली होती ते आत्ता खाली भेटले. म्हणाले, हवं होतं ते मिळालं, तक्रार मागे घेतो. गायिकेचे मिस्टरच ते."