मागचा फ्यूज

"अरे, पंखा थांबला रे परत," मागून सासूबाईंचा आवाज आला.

त्यांच्या धाकट्या मुलाने गाडी रस्त्याच्या कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि दोन्ही हात स्टीअरिंगवर आपटले. सकाळपासून ही तिसरी खेप. शेजारी त्याची बायको पोटावर हात ठेवून पाय आखडून बसली, म्हणजे त्याला सीटखालची फ्यूजची पेटी उघडता यावी.

त्याने निळा फ्यूज उपसून उजेडात धरला. आतली तार तुटून काळी पडली होती.

ही मोटरहोम म्हणजेच त्यांचं घर. धाकटा नव्या इमारतींची वायरिंग करायचा. काम जिथे निघेल तिथे गाडी उभी राहायची आणि संसारही तिथेच मांडला जायचा. मागच्या बिछान्यावर सासूबाई. आता घरात बाळ येणार होतं आणि त्या बिछान्याशिवाय बाळाला दुसरी जागा नव्हती. थोरल्याच्या फ्लॅटमध्ये एक खोली रिकामी पडून होती. म्हणून आज आईला तिकडे पोचवायला निघाले होते. सगळ्यांनी बसून, नीट बोलून ठरवलेलं. सासूबाईंनीही मान डोलावली होती.

"लोकांच्या आख्ख्या इमारतीतला फॉल्ट शोधून देतो मी," धाकटा चिडून म्हणाला, "आणि स्वतःच्या घरातला सापडेना!"

मागच्या फ्यूजवर चालत होतं तरी काय? पंखा, दिवा आणि बिछान्याजवळचं मोबाइल चार्ज करायचं ते गोल सॉकेट. पहिल्यांदा थांबले तेव्हा त्याने पंख्याच्या वायरी सोडवून पाहिल्या. दुसऱ्यांदा दिवा उतरवला. मीटर लावावं तर सगळं ठणठणीत. नवा फ्यूज घातला की पंखा भिरभिरायचा, गाडी रस्त्याला लागायची, आणि जरा पुढे गेलं की पुन्हा तेच.

"वायर कुठेतरी पत्र्याला घासत असणार. गाडी हलली की टेकते, थांबली की सुटते." त्याने सुट्या फ्यूजची डबी उलटी करून झटकली. "निळे संपले. हिरवा टाकतो."

"हिरवा म्हणजे?"

"दुप्पट ताकदीचा. हा नाही उडणार."

"मग वायर जळेल. तूच म्हणतोस ना?"

"दादा जेवायला थांबलाय!" तो ओरडला, मग आवाज उतरवून म्हणाला, "असं कर, मागे जा. बिछान्यामागच्या प्लायवुडला हात लावून बघ, कुठे गरम लागतंय का. वास येतोय का. मग टाकतो."

ती एकेक कपाट धरत मागे गेली. सासूबाई पाय पोटाशी घेऊन खिडकीबाहेर बघत होत्या. पायाशी भरलेली बॅग. पंखा नसल्यामुळे कपाळ घामाने डबडबलेलं, आणि अंबाडा सुटून मानेवर आलेला. तिने प्लायवुडवर तळहात फिरवला. गार. वाकून वास घेतला. जळका वास येत होता खरा, पण भिंतीला नव्हता. सासूबाईंच्या मुठीला होता.

"आई, हात दाखवा बघू."

"काही नाही गं. कशाला?"

"टाकतोय गं!" पुढून हाक आली.

"थांब!" ती अशी किंचाळली, की धाकटा हिरवा फ्यूज हातात घेऊनच धावत मागे आला.

सासूबाईंनी मूठ उघडली. केसांतली पिन होती, वाकवून सरळ केलेली, दोन्ही टोकं काळी पडलेली. अंगठ्यावर टरटरून फोड आला होता. शेजारी सॉकेटचं झाकण उघडंच होतं.

धाकट्याने खाली बसून सॉकेटमध्ये बघितलं. "आई, आता मी हा घातला असता आणि तू परत यात पिन खुपसली असतीस ना, तर गादी पेटली असती."

"मला काय माहीत? फ्यूज उडाला की बाकी कशाला काही होत नाही, असं तूच सांगतोस सगळ्यांना."

"मग बोलायचं होतंस! नाही जायचं म्हणून सांगायचं होतंस!"

"काय सांगू? बाळाला जागा नको?"

"मग हे कशाला?"

सासूबाई पुन्हा खिडकीकडे वळल्या. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. एक कुंपण, एक रिकामं शेत.

"जाणारच आहे मी," त्या म्हणाल्या. "आज पोचायचं नव्हतं, एवढंच. उद्या चाललं असतं."

धाकट्याने बायकोकडे पाहिलं. ती नजर चुकवून फडकं ओलं करायला वळली. उद्या म्हणता म्हणता परवा होणार, हे तिघांनाही कळत होतं. तो उठला, पुढे गेला. हिरवा फ्यूज त्याने डबीत टाकला, मागच्या फ्यूजची खाच रिकामीच ठेवली आणि पेटी लावून टाकली. इंजिन सुरू झालं.

मागे हवा कोंडली होती. सुनेने सासूबाईंच्या अंगठ्याला ओलं फडकं गुंडाळलं आणि हात तसाच धरून ठेवला.

"जा, पुढे जाऊन बस," सासूबाई म्हणाल्या. "मागे धक्के फार बसतात. या दिवसांत बरं नाही."

"बसते इथेच."

"मग अशी अवघडून नको बसू. नीट टेक."

आणि तिला टेकायला जागा व्हावी म्हणून सासूबाई सरकू लागल्या, सरकत सरकत बिछान्याच्या अगदी कडेला गेल्या.