न डुलणारा तारा

"यंत्र तापलं असेल," सर म्हणाले.

"नाही सर. शेजारचा तारा त्याच रात्री त्याच यंत्राने मोजलाय. त्याचे आकडे चोख आलेत."

सरांनी भिंग पुन्हा कागदावर टेकवलं. जेवणाच्या टेबलावर दोनशे बारा रात्रींचे आकडे पसरले होते आणि सकाळी दहापासून सर त्यातली एकेक रात्र तपासत होते. आता दोन वाजत आले होते. समोर त्यांची विद्यार्थिनी बसली होती. विद्यार्थिनी कसली, वेधशाळेत आता सरांच्याच खुर्चीवर बसणारी बाई. पण या टेबलापाशी आली की तिची पाठ आपोआप ताठ व्हायची.

अठरा वर्षांपूर्वी सरांनी एका ताऱ्याभोवती ग्रह शोधला होता. शनीच्या दुप्पट वजनाचा, सात वर्षांत एक फेरी मारणारा. ग्रह काही कुणाच्या दृष्टीस पडला नव्हता. दिसत होतं ते ताऱ्याचं डुलणं. ग्रहाच्या ओढीने तारा कधी आपल्याकडे सरके, कधी मागे हटे, सेकंदाला जेमतेम नऊ मीटर. दमदार सायकलवाला गाठेल एवढाच वेग. तेवढ्यावरून सरांनी ग्रह पकडला आणि तिने त्याचं वजन काढून डॉक्टरेट मिळवली. शाळेच्या पुस्तकात त्याचं रंगीत चित्रही आलं.

गेली चार वर्षं ती नव्या यंत्राने तोच तारा तांबड्याच्याही पलीकडच्या उजेडात मोजत होती. ग्रह खरा असेल तर उजेड कुठलाही घ्या, डुलणं सारखंच दिसायला हवं. या उजेडात तारा जागचा हलत नव्हता. इतकी वर्षं ज्याला सगळे डुलणं म्हणत होते, ते ताऱ्याच्या अंगावरचे डाग होते. सात वर्षांच्या चक्राने वाढायचे आणि ओसरायचे, आणि साध्या उजेडात डुलण्याचा भास करून द्यायचे.

"पृथ्वी फिरते, तिची दुरुस्ती?"

"केलीय सर. तीन वेगळ्या पद्धतींनी."

सरांचं बोट पुढच्या ओळीवर गेलं.

आपण त्यांना सांगायला आलोय, असं ती बसमध्ये चार तास स्वतःला बजावत होती. ते खोटं होतं. ती आली होती सरांनी चूक काढावी म्हणून. पूर्वी ते तिच्या वहीत एका ओळीवर बोट ठेवायचे आणि म्हणायचे, "इथे माती खाल्लीस." त्या एका वाक्यासाठी तिचा जीव टांगणीला लागला होता. आजही बोट थांबलं की ती पुढे झुकायची. बोट पुन्हा चालायला लागायचं.

"काहीतरी असेलच," ती म्हणाली. "सर, तुम्ही पुन्हा एकदा पहिल्या वर्षापासून बघा ना. माझंच कुठेतरी चुकलं असणार."

सरांनी पुन्हा पहिल्या वर्षापासून पाहिलं. साडेतीनला त्यांनी भिंग खाली ठेवलं आणि डोळे चोळले.

"काम स्वच्छ आहे तुझं," ते म्हणाले.

असा शेरा मिळवायला तिने उमेदीची दहा वर्षं घालवली होती. आज तो तिला नको होता.

काकू चहा घेऊन आल्या. कप ठेवायला जागा दिसेना म्हणून तशाच उभ्या राहिल्या. नवऱ्याच्या चेहऱ्याकडे बघत त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"ग्रह नाहीये," सर म्हणाले.

काकूंना क्षणभर काही उमजलं नाही. "कधीपासून?"

"कधीच नव्हता."

काकूंनी ट्रे खुर्चीवर टेकवला. "आमची पोरगी जन्मली तेव्हा हे तिकडे टेकडीवर दुर्बिणीपाशी," त्या विद्यार्थिनीला म्हणाल्या. "थोडी मोठी झाल्यावर विचारायची, बाबा कुठे गेलेत? मी सांगायचे, ग्रह आणायला गेलेत." एवढं बोलून त्या आत गेल्या. चहा तसाच राहिला.

"दुसऱ्या कुणी पाहिलंय हे?" सरांनी विचारलं.

"परदेशातल्या एका गटाने. त्यांचा लेख शुक्रवारी येतोय." मग तिला राहवलं नाही. "त्यांनाच सांगू दे सर. आपण गप्प बसू. निदान तुमच्या घरातून तरी..."

"तुझा लेख लिहून झालाय?"

तिने पिशवीतून चार पानं काढली. सरांनी वरचं पान भिंगाखाली धरलं. शीर्षकाखाली तिचं एकटीचं नाव होतं.

"पेन दे."

त्यांनी तिच्या नावाच्या आधी स्वतःचं नाव लिहिलं. अक्षरं डोंगर-दऱ्यांसारखी आली.

"सर, याची काही गरज नाही."

"ग्रह सापडला तेव्हा पहिलं नाव कुणाचं होतं?"

सरांनी पानं तिच्याकडे सरकवली आणि डोळे मिटून मागे टेकले.

"वाच. हळू वाच, मला दिसत नाही आता."

"'या ताऱ्याभोवती...'" तिने सुरुवात केली. पुढच्या शब्दापाशी ती अडली. तिने दोनदा प्रयत्न केला.

"'...ग्रह आढळला नाही,'" सरांनी मिटल्या डोळ्यांनी वाक्य पुरं केलं. "पुढे."