झुरळांचा धडा

दार उघडलं तसा झुरळांच्या औषधाचा असा भपकारा आला की बाईंचा हात आपोआप नाकाशी गेला. मग लक्षात येऊन त्यांनी तो खाली घेतला आणि उसनं हसून विचारलं, "भिंगरी आहे का घरात?"

भिंगरी घरातच होती. वर्गात एका जागी दोन मिनिटं न टिकणारी ही पोर कॉटच्या कोपऱ्यात भिंतीला टेकून बसली होती. डोळे लाल झाले होते आणि खोकला थांबत नव्हता. आठवडाभर ती शाळेत आली नव्हती.

का आली नव्हती, ते बाईंना पक्कं ठाऊक होतं. घरातले आणि शाळेतले किडे कसे आवरायचे याचं एक प्रशिक्षण त्या करून आल्या होत्या, आणि आल्या त्या भारावूनच. खरकटं रात्रभर ठेवू नका, गळका नळ बांधा, फटी बुजवा, किडे येतात कुठून ते आधी शोधा; विषारी औषध अगदी शेवटी, तेही जरासं आणि मोठ्यांच्याच हातून. सगळं शिकवून झाल्यावर त्यांनी प्रत्येक मुलाला एक चिकट कागद दिला. रात्री ओट्याखाली ठेवायचा आणि सकाळी जे चिकटेल ते घेऊन यायचं. आलेले कागद त्यांनी मोठ्या हौसेने, नावं घालून, वर्गाच्या भिंतीवर लावले. कुणी कुणाला हसायचं नाही, असंही बजावलं. वर्गाने ते मधल्या सुट्टीपर्यंत पाळलं. बाकीच्यांच्या कागदांवर एखादी मुंगी, एखादं चिलट. भिंगरीचा कागद मात्र झुरळांमुळे दिसतच नव्हता. दुसऱ्या दिवशी तिच्या बाकावर कुणी बसेना. बाईंनी कागद काढून टाकले, पण व्हायचं ते होऊन गेलं होतं.

"बसा ना बाई," भिंगरीची आई खुर्ची पुसत म्हणाली. "आणि आता शोधा. एक तरी झुरळ दाखवा मला."

"औषध कितीदा मारलंत?"

"रोजच मारतेय. आधी दुकानातून आणलं, त्याने काही होईना. मग ह्यांनी बेकरीच्या गोदामातलं आणलं, पाण्यात कालवायचं असतं ते. ते मात्र जालीम निघालं."

"अहो, पण मी मुलांना सांगितलं होतं की..."

"सांगितलं होतं की! हिने ते सगळं करायलाही लावलं आम्हाला, नुसता जीव खाल्ला. डबे घट्ट लावले, नळाला चिंधी बांधली, फटींत साबण भरला." आईने मागच्या भिंतीवर थाप मारली. "पण पलीकडे बेकरी. पीठ तिकडे, साखर तिकडे, भट्टीची ऊब तिकडे. आम्ही एक फट बुजवली की ती दुसरीतून येतात. आणि मालकांना बोलणार कोण? खोली त्यांची, आणि हिचे बाबा पीठ मळायला जातात तेही त्यांच्याकडेच."

प्रशिक्षणात भिंतीपलीकडच्या मालकाचं काय करायचं, ते कुणी सांगितलं नव्हतं, आणि बाईंनीही विचारलं नव्हतं.

"निदान खिडकी तरी उघडा," त्या म्हणाल्या. "पोरीला किती खोकला झालाय."

"उघडली की परत येतील हो. सोमवारी शाळेत पाठवायचीय तिला. दप्तरातून एखादं निघालं म्हणजे?" आईने भिंगरीकडे पाहिलं. "तुमचं चुकलं असं नाही म्हणत मी, बाई."

बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. भिंगरीच्या आईने चार शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं.

"भिंगरे, बाईंना पाणी दे."

भिंगरी उठली. फळीवरचा स्टीलचा पेला घेऊन तिने पाणी भरलं आणि सांडू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून आणून दिलं. बाईंनी पेला तोंडाजवळ नेला आणि त्या तिथेच थांबल्या. काठावर वाळलेले पांढुरके थेंब होते. दारात आलेला तो वास आता पेल्यातूनच येत होता. त्यांनी फळीकडे पाहिलं. ताटं, वाट्या, डबे, सगळ्यांवर तसेच थेंब वाळले होते.

"नको," त्या म्हणाल्या आणि त्यांनी पेला घाईघाईने खाली ठेवला.

आईचा चेहरा उतरला. "घासलेला आहे पेला," ती हळूच म्हणाली.

"अहो, तसं नाही. तुमची ही सगळी भांडी..." एवढं बोलून बाई अडखळल्या. आपलं बोलणं या घरात कसं ऐकू जातंय, ते त्यांचं त्यांनाच कळलं. त्या दुसरे शब्द शोधू लागल्या.

तेवढ्यात भिंगरीने पेला उचलला.

"चांगलं आहे पाणी, बाई," ती म्हणाली.

बाईंनी तो हिसकावून घ्यायला हात पुढे केला, पण तोवर तिने पेला तोंडाला लावून घटाघटा रिकामा केला होता. आलेला खोकला तिने कसाबसा दाबला आणि पेला आतून दिसेल असा बाईंच्या पुढे धरला.

"बघा. काहीसुद्धा नाही त्यात."