रेशमी दुपटं

सासूने बजावलं होतं, "धन्याच्या लेकराला अंगावर पाजशील, तर आपलं पोर आपलं राहणार नाही. ते त्याचाच चाकर होऊन बसेल." इतोमे हसली होती. मोतोकाने नावाचा तिचा नवरा धन्याच्या पदरी घोडेस्वार. दोन्ही बाळं एकाच वयाची. दूध दोघांना पुरत होतं.

शेतांच्या राखणीला म्हणून धनुष्य उचललेली माणसं आता एकमेकांच्या गढ्या जाळत सुटली होती. त्या सकाळी धन्याची गढी पेटली. धनी गेला, धनीणही गेली. दोन्ही बाळं घेऊन इतोमे नदीकाठच्या बोरूच्या दाट बेटात लपून बसली. मोतोकाने घोडा घेऊन आला.

"दोघं नाही नेता येणार. धनुष्याला हात मोकळे लागतात," तो म्हणाला. "धाकट्या धन्याला दे."

स्वतःच्या पोराकडे, इनुमारूकडे, त्याने पाहिलं नाही. पाठ फिरवून तो खोगिराचा पट्टा आवळत राहिला. तेवढ्यात तिने धन्याच्या बाळाचं रेशमी दुपटं काढून इनुमारूला गुंडाळलं आणि त्याचं तागाचं फडकं धन्याच्या बाळाला.

धन्याच्या तोंडाकडे डोळे वर करून बघायची रीत नव्हती. मोतोकानेने रेशमाला लवून नमस्कार केला, तोंडावरचा पदर तसाच ठेवून ते गाठोडं छातीशी बांधलं आणि तो उत्तरेला निघून गेला. पोर वाचलं, एवढंच तिला कळलं. रडू आलं नाही.

ऊन वर आलं तेव्हा शत्रूचे स्वार आले. एकाने धनुष्याच्या टोकाने तागाचं फडकं उचललं.

"लपवतेस काय, बाई? तुझं शेंबडं पोर कुणाला हवंय?"

"चल रे," दुसरा म्हणाला. "आपल्याला रेशमातलं पाहिजे. खुरांच्या खुणा उत्तरेला गेल्यात."

एका शब्दाने ते थांबले असते. तो शब्द तिच्या जिभेवर होता. आणि अंगावर धन्याचं लेकरू दूध पीत होतं, तिचं बोट घट्ट धरून. ती बोलली नाही. घोडे उत्तरेला वळले.

तिकडे कुणी जाणार असाल, तर इतोमेचं एवढं काम करा. रेशमात गुंडाळलेलं बाळ दिसलं, तर नमस्कार करत बसू नका. आधी ते दुपटं काढून लांब फेका, आणि नाकाशी बोट धरून बघा, श्वास चालू आहे का.