शेवटची सोळा पानं

"शेवट एकदम भारी आहे! ती मुलगी यान घेऊन पृथ्वीवर परतच येत नाही," ओजसने ठासून सांगितलं.

"काहीही! येते की. पण तोवर इथे शंभर वर्षं उलटलेली असतात, तिला कोणी ओळखतच नाही," इरावती म्हणाली. तन्मयच्या मते यान सरळ सूर्यात घुसलं होतं.

दर शनिवारी शाळेच्या वाचनालयात मुलांनी वाचलेल्या पुस्तकावर मत सांगायची पद्धत होती. ग्रंथपाल पेठकरबाई ऐकत होत्या. या पुस्तकाची शेवटची सोळा पानं गेल्या वर्षीच निखळून हरवली होती, पण तिघांपैकी एकानेही तसं सांगितलं नव्हतं. आज सकाळीच ती पानं कपाटामागे सापडली होती आणि बाईंनी चिकटवायला डिंक काढून ठेवला होता.

तिघांना आता उघडं पाडावं, म्हणून बाईंनी पानं हातात घेतली. तेवढ्यात वर्षभर तोंड न उघडलेली झेबा उभी राहिली.

"बाई, तिघंही चुकतायत. यान अजून चाललंय. त्या मुलीनं यानात आंब्याची कोय लावलीय. झाडाला आंबे लागल्याशिवाय ती कुठेच उतरणार नाही."

मग ओजस हळूच म्हणाला, "हां, असंच होतं. मी जरा घाईत वाचलं."

बाईंनी हातातल्या पानांवर नजर टाकली. पहिल्याच पानावर यान सुखरूप उतरलं होतं आणि पुढची पंधरा पानं नुसता सत्कारसमारंभ चालला होता.

त्यांनी डिंकाच्या बाटलीचं झाकण घट्ट लावलं.